नदीच्या उतारावरची दोघांची सायकल

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे, पण एकट्यादुकट्याची नव्हे. मला एकामागे एक अशा दोन सीट आहेत. हँडल दोन, पेडलच्या जोड्याही दोन. चाकं मात्र तुमच्या सायकलीसारखी दोनच. पुढे बसणाऱ्याच्या हाती दिशा, गिअर आणि ब्रेक. मागच्याने पाय मारायचे आणि पुढच्यावर भरवसा ठेवायचा. दोघांची पेडलं साखळीने एकमेकांशी बांधलेली असतात, त्यामुळे पुढचे पाय अडखळले की मागच्या पायांना ते लगेच कळतं. दोन माणसांचं वजन घेऊन उतारावर मी भलतीच जोरात सुटते. म्हणून मला घडवणाऱ्या कारागिराने मागच्या हँडललाही एक जादा ब्रेक बसवला होता.

सध्या मी अमेरिकेच्या वायव्य टोकाला, रेडमंडला एका गॅरेजच्या भिंतीला टेकून उभी आहे. इथे हिवाळाभर पाऊस पडतो. माझ्या टायरमधली हवा गेली आहे, साखळी तांबूस झाली आहे आणि माझा हिरवा रंग पोपडे धरून सुटतो आहे. त्याचं मला फारसं दुःख नाही. माझं दुःख दुसरं आहे. ते सांगायलाच आज तोंड उघडलं.

विस्कॉन्सिनमधल्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. पोलादी नळ्या तापवून, पितळेने सांधून मला घडवलं. माझे पहिले मालक टपाल वाटणारे एक गृहस्थ. ते आणि त्यांची बायको दर उन्हाळ्यात मला तळ्याकाठी न्यायचे आणि मागच्या पिशवीत सँडविच, पुस्तकं आणि ओले पोहण्याचे कपडे कोंबायचे. पुढे गृहस्थांचे गुडघे गेले, मग गृहस्थही गेले. मला छताच्या हुकाला उलटं टांगलं. कोळ्यांनी माझ्या चाकांत जाळी विणली. कितीतरी वर्षं मी जमीन पाहिली नाही.

एका शनिवारी त्या आजींनी घरातल्या जुन्या वस्तू अंगणात विकायला मांडल्या. त्या दिवशी मला एका नव्या माणसाने हात लावला. डॉक्टर देवदत्त निमकर. आसपासची सगळी मराठी मंडळी त्यांना काका म्हणत, म्हणून मीही काकाच म्हणते. मूळचे कोल्हापूरचे, भूलतज्ज्ञ. शिकागोत चाळीस वर्षं नोकरी करून नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनी माझं मागचं सीट हाताने दाबून पाहिलं आणि आजींना विचारलं, की ज्याला दिसत नाही असा माणूस इथे बसू शकेल का? आजी म्हणाल्या, खुशाल बसू शकेल.

तो माणूस म्हणजे आसावरी काकू. लग्नाआधी त्या पुण्यात कॉलेजात फ्रेंच शिकवायच्या. विद्यार्थ्यांना फ्रान्समधल्या खेड्यांची, दगडी चर्चची, नदीकाठच्या बाजारांची वर्णनं वाचून दाखवायच्या, पण स्वतः कधी गेल्या नव्हत्या. लग्न करून अमेरिकेत आल्या आणि त्यांचं फ्रेंच कुणाला लागेनासं झालं. काकांनी तीनदा फ्रान्सची तिकिटं काढली आणि तीनदा ती कॅन्सल केली. कधी हॉस्पिटलमुळे, कधी मुलीच्या परीक्षेमुळे, एकदा नुसत्याच थकव्यामुळे. पुढल्या वर्षी नक्की, म्हणायचे. तोवर काकूंच्या डोळ्यांत काचबिंदू वाढत गेला. काका निवृत्त झाले तेव्हा काकूंना उजेड आणि सावली एवढंच कळत होतं.

"तू मागे बस," मला घरी आणल्यावर काका त्यांना म्हणाले. "बघायचं काम माझं."

मित्रांनो, पुढची काही वर्षं माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली. शेजारी कुमार नावाचा नागपूरचा मुलगा राहायचा, आयटीतल्या नोकरीवर आलेला. त्याने माझी साखळी रॉकेलने धुऊन नवं तेल घातलं. रविवारी सकाळी आम्ही डेव्हन ॲव्हेन्यूला, देशी दुकानांच्या रस्त्याला, जायचो. साड्यांच्या दुकानांसमोर लोक थांबून आमचा फोटो काढायचे. काका चालवता चालवता दिसेल ते सांगत जायचे. लाल दिवा आहे. एक बाई कुत्र्याला रागावते आहे. मिठाईवाल्याने आज काचेत जिलेबी मांडली आहे, पण कालची दिसते. काकू हसायच्या आणि जोरात पाय मारायच्या. त्यांच्या पायांत काकांपेक्षा जास्त ताकद होती, हे फक्त मला ठाऊक होतं.

मग एका वसंतात काकांनी चौथ्यांदा फ्रान्सचं ठरवलं. या वेळी सायकलवरून, अगदी सावकाश. रोज थोडं अंतर कापायचं, एका जुन्या गावातून दुसऱ्या जुन्या गावात जायचं, दुपारी झाडाखाली जेवायचं. काकूंनी पुन्हा फ्रेंच बोलायचा सराव सुरू केला. स्वयंपाक करता करता त्या भांड्यांशीही फ्रेंच बोलत.

निघायला पंधरा दिवस उरले असताना काकांनी सगळं कॅन्सल केलं. कारण धड सांगितलं नाही. म्हणाले, "इतक्या लांब कशाला जायचं? आपल्याच इलिनॉयमध्ये मिसिसिपीच्या काठी जुनी फ्रेंच गावं आहेत. तीनशे वर्षांपूर्वी फ्रेंच लोकांनी वसवलेली. कुमार सोडेल आपल्याला गाडीने."

काकू दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. त्यांना वाटलं, हा माणूस जन्मभर आपल्याला टाळत आला, म्हातारपणीही टाळतो आहे. तिसऱ्या दिवशी त्यांनी कपड्यांची बॅग भरली. जे मिळतंय ते तरी घ्यावं, एवढंच म्हणाल्या.

जूनमध्ये कुमारने मला गाडीमागच्या स्टँडवर बांधलं आणि आम्ही दक्षिणेला निघालो. वाटेत काकांनी कुमारला दोनदा शिरीष म्हणून हाक मारली. शिरीष म्हणजे काकांचा धाकटा भाऊ, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. काकू तेव्हा मागच्या सीटवर झोपल्या होत्या. पुढे, काकू झोपेतच असताना, पेट्रोल भरायला थांबलो तर काका बाथरूमला जाऊन आले आणि सरळ दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीत जाऊन बसले. त्या गाडीतली बाई घाबरली. कुमारने माफी मागून काकांना परत आणलं. काका हसण्यावारी नेऊ लागले, तेव्हा कुमारही हसला. पण नंतर त्याने मागच्या काचेतून माझ्याकडे पाहिलं, तेव्हा तो हसत नव्हता. मोठ्या माणसाला असं कसं विचारायचं, हे त्याला सुचलं नसावं.

त्याने आम्हाला नदीच्या अलीकडच्या गावात सोडलं. दुसऱ्या दिवशी आम्ही सायकलने फिरत फिरत नदीपर्यंत जायचं, फेरीबोटीने पलीकडच्या गावात उतरायचं आणि तो तिथे आमची वाट पाहणार, असं ठरलं होतं.

पहिली संध्याकाळ सुंदर होती, हे मला सांगितलंच पाहिजे. गाव चिमुकलं. एका बाजूला चुनखडीचे उभे कडे, दुसऱ्या बाजूला नजर पोचेल तिथवर मका. घरांच्या भिंती उभ्या ओंडक्यांच्या, ओंडके आडवे नव्हे, एकमेकांना खेटून उभे केलेले. काकूंनी एका भिंतीवरून दोन्ही तळवे फिरवले. मधल्या मातीच्या भेगांत बोटं घातली. त्या घरातल्या बाईंशी त्या फ्रेंचमध्ये बोलल्या. बाईंनी ओशाळून सांगितलं की गावात आता कुणालाच फ्रेंच येत नाही. त्यांच्या पणजीला यायचं म्हणे. मग काकूंनी कबरस्तानात जायचा हट्ट धरला. तिथल्या जुन्या दगडांवर कोरलेली अक्षरं त्या बोटांनी चाचपून वाचत होत्या आणि अर्थ काकांना सांगत होत्या. इथे अमक्याची प्रिय पत्नी. इथे एक मूल, नाव पुसलेलं. त्या दिवशी बघायचं काम काकूंनी केलं आणि काका ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी न्याहारी करून आम्ही निघालो. ऊन कडक होतं. वाटेत एका झाडाखाली थांबून काकांनी हेल्मेट काढलं, पाणी प्यायले, हेल्मेट पुन्हा डोक्यावर ठेवलं. हनुवटीखालचा पट्टा लावायचा राहिला. काकूंना तो दिसणार नव्हता.

थोडं पुढे गेल्यावर काका म्हणाले, डावीकडे पांढरं चर्च आहे, टोकदार मनोऱ्याचं. काकू बरं म्हणाल्या. अर्ध्या तासाने काका पुन्हा म्हणाले, डावीकडे पांढरं चर्च आहे. काकूंनी मान वळवली. चर्च असतं तर भिंतीवरून आमचा आवाज परत आला असता, सावलीचा गारवा लागला असता. पण तिथे मक्याच्या पानांची सळसळ आणि गरम वारा, याखेरीज काही नव्हतं. मला तर दिसतच होतं. तिथे चर्च नव्हतं. आधीही नव्हतं.

 काकूंचे पाय काकांच्या पायांकडे लक्ष देऊ लागले. काका एका चौकाशी थांबले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग एक रस्ता घेतला. पुन्हा एक चौक आला. मला वाटतं, तो तोच चौक होता. तिसऱ्यांदा काका म्हणाले, बघ, ते पांढरं चर्च.

"अहो, थांबा," काकू म्हणाल्या. "मला त्या चर्चच्या भिंतीला हात लावू दे."

काका थांबले. मका सळसळत राहिला.

"अहो, आपण कुठे आहोत?"

"आसावरी, मला माहीत नाही," काका म्हणाले.

मग रस्त्याच्या कडेला, मला गवतात आडवी टाकून, त्यांनी सगळं सांगितलं. आपली स्मृती जाते आहे, हे वर्षभरापूर्वीच त्यांच्या लक्षात आलं होतं. डॉक्टर होते, स्वतःला फसवता आलं नाही. तपासण्या झाल्या होत्या. फ्रान्स कॅन्सल केलं ते याचमुळे. एवढ्या मोठ्या विमानतळावर काकूंचा हात धरून आपणच हरवलो तर काय, ही धास्ती त्यांना झोपू देत नव्हती. तुला आधीच दिसत नाही, आता मीही चाललो असं कोणत्या तोंडाने सांगू, असं ते म्हणाले.

काकूंच्या चेहऱ्यावर राग होता. माझ्या शेजारी बसून त्या गवत उपटत होत्या. त्यांनी विचारलं, चर्च का सांगत होतात? काका म्हणाले, तू विचारशील आणि माझ्यापाशी काहीच नसेल, म्हणून.

फोनला रेंज नव्हती. गाड्या फिरकत नव्हत्या. काकू उठल्या. दुपार कलली होती. सूर्य मावळतीकडे, आणि नदीही मावळतीकडे, हे त्यांना ठाऊक होतं. नदीवर फेरीचा धक्का, धक्क्यावर माणसं असणार. त्यांनी चेहऱ्यावर ऊन कुठून लागतं ते पाहिलं आणि काकांना म्हणाल्या की सूर्य समोर ठेवा, वळायचं असेल तेव्हा मी सांगेन. काका शहाण्या मुलासारखे पुढे बसले. आंधळ्या काकू मागून वाट सांगत होत्या आणि डोळस काका नुसते हँडल धरून होते. आणि मित्रांनो, वाट बरोबर निघाली. एका रस्त्याने आम्हाला नदीच्या बांधापाशी आणलं.

रस्त्याच्या कडेला पिवळी पाटी होती. पाणी चढल्यामुळे फेरी बंद, असं तिच्यावर लिहिलं होतं. काकांनी मान वळवून ती पाटी पाहिली. वाचलीही असेल. पण वाचलेलं आत पोचलं नाही.

बांधाचा चढ आम्ही दोघांच्या नव्हे, काकूंच्या जोरावर चढलो. वर पोचताच समोर नदी दिसली. रुंद, तपकिरी, फांद्या वाहून नेणारी. सिमेंटचा उतार सरळ तिच्यात शिरत होता. धक्का केव्हाच पाण्याखाली गेला होता. काकूंच्या कानांवर पाण्याचा आवाज आला, वाऱ्याबरोबर चिखलाचा वास आला.

"हळू घ्या. ब्रेक लावा," त्या म्हणाल्या.

काकांच्या हाताखालीच ब्रेक होते. पण त्यांची बोटं सैल पडली होती. ते पुढे पाहत होते आणि त्यांच्या आवाजात मी कधी न ऐकलेला आनंद होता.

"आसावरी, रंकाळा," ते म्हणाले.

मी सुटले होते. काकूंनी पुन्हा हाक मारली, मग मागचा ब्रेक दोन्ही हातांनी दाबला. माझं मागचं चाक आवळलं गेलं. सिमेंटवर ओला गाळ होता. मी घसरले, आडवी झाले आणि दोघांना घेऊन आपटले. काकूंचा हात मोडला. काकांचं हेल्मेट उडून पाण्यात गेलं आणि त्यांचं डोकं सिमेंटवर आदळलं.

काकू सरपटत त्यांच्यापर्यंत गेल्या. एका हाताने चाचपून त्यांचा चेहरा शोधला आणि ओरडत राहिल्या. बऱ्याच वेळाने एका शेतकऱ्याने आवाज ऐकला. कुमार पलीकडच्या गावात वाट पाहत होता. फेरी बंद असल्याचं कळताच तो दूरच्या पुलावरून वळसा घालून आला, पण तोवर अँब्युलन्स निघून गेली होती. मला उचलायला तो उतारावर एकटाच आला. माझ्यापाशी उकिडवा बसला आणि जमिनीकडे पाहत राहिला. मग त्याने मला गाडीवर चढवलं.

आयुष्यभर माणसांना झोपवून पुन्हा जागं करणारे काका स्वतः मात्र जागे झाले नाहीत. आठवड्याने ते गेले.

त्यांची मुलगी चारुता रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये आहे. शिकागोचं घर विकून तिने आईला आपल्याकडे आणलं. मला भंगारात द्यायची तिची इच्छा होती. काकू म्हणाल्या, सायकल येऊ दे. म्हणून मी इथे आहे.

सुरुवातीला काकू रोज गॅरेजमध्ये येत, स्टुलावर बसत आणि मागच्या हँडलवर हात ठेवत. एकदा चारुता त्यांना शोधत आली, तेव्हा काकू म्हणाल्या, "ब्रेक मी दाबला. ते माझ्यामुळे गेले."

चारुता म्हणाली, "आई, डोन्ट से दॅट." मग ती गॅरेजच्या पायरीवर बसली आणि रडायला लागली. तिला आजाराचं आधीपासून माहीत होतं. बाबांनी फोनवर सांगितलं होतं आणि शपथ घातली होती. "आय न्यू, आई. मी तुला सांगायला हवं होतं. बाबा म्हणाले, ट्रिप होऊ दे, मग मी स्वतः सांगतो."

काकूंनी हँडलवरचा हात काढून घेतला. मग म्हणाल्या, "म्हणजे सगळ्यांना दिसत होतं. मला तेवढं कुणी सांगितलं नाही."

त्यानंतर कित्येक आठवडे मायलेकींत जेवण झालं का, औषध घेतलं का, एवढंच बोलणं होत होतं. काकू गॅरेजमध्ये यायच्या बंद झाल्या. मला वाटायचं, आपण ओरडून सांगावं. काकू, तुमचा दोष नाही, मी तिथे होते, पाणी किती जवळ होतं ते मला ठाऊक आहे. पण सायकलीला कुठला आवाज? तिला फक्त घंटी असते, आणि तीही दुसऱ्याने वाजवायची.

अपघातानंतर दीड वर्षाने कुमार ऑफिसच्या कामासाठी रेडमंडला आला. डेव्हनवरून काकूंसाठी भाजणी घेऊन आला होता. चहा झाल्यावर त्याने सायकल पाहू का म्हणून विचारलं. काकू त्याला घेऊन गॅरेजमध्ये आल्या. त्याने माझ्या मागच्या टायरवरून अंगठा फिरवला. एका जागी रबर घासून सपाट झालं आहे, तिथे तो थांबला.

"काकू, त्या दिवशी मी उतारावर गेलो होतो," तो म्हणाला. "सिमेंटवर या चाकाचा पट्टा उमटला होता. पट्टा संपतो त्याच्यापुढे लगेच पाणी होतं. तुम्ही ब्रेक दाबला नसता तर दोघंही गेला असता."

काकू भिंत धरून उभ्या होत्या. "हे तुला तेव्हापासून माहीत आहे?"

"हो."

"आणि काकांचं? गाडीत काही जाणवलं होतं?"

कुमारने शिरीषची आणि त्या परक्या गाडीची गोष्ट सांगितली.  म्हणाला, मोठ्यांना कसं विचारायचं असं वाटलं. आणि नंतर, तुम्हाला पुन्हा आठवण करून देऊ नये असं वाटलं.

"मला विसर पडला होता कुठे, कुमार?" काकू म्हणाल्या. त्या त्याच्यावर ओरडल्या नाहीत. थोड्या वेळाने स्वतःशीच पुटपुटल्या, "दोघंही गेलो असतो." त्या आवाजात दिलासा होता की आणखी काही, हे इतकी वर्षं त्यांच्या पायांखाली काढूनही मला ओळखता आलं नाही. मग त्यांनी कुमारला जेवून जायला सांगितलं आणि आत जाऊन चारुताला हाक मारली. त्या रात्री गॅरेजच्या दारातून मला दोघींचं बोलणं ऐकू येत होतं. रडणंही होतं, पण बोलणं थांबत नव्हतं.

मित्रांनो, सायकल वापरून झाली की पुसून ठेवा, साखळीला तेल घाला, हवा तपासा, हे तुम्हाला शाळेत सांगतातच. माझ्यासारखीला ते पुरतं. मी गंजले तरी कुणीतरी मला घासून पुन्हा रस्त्यावर आणील. माणसाचं तसं होत नाही. तुमच्या आजोबांनी एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली, तुम्हाला दुसऱ्याच नावाने हाक मारली, ओळखीच्या रस्त्यावर ते गोंधळून उभे राहिले, तर हसू नका आणि वाईट वाटेल म्हणून गप्पही राहू नका. त्यांच्याजवळ बसा, हात धरा आणि विचारा. मग घरातल्या प्रत्येकाला सांगा. आणि जिला दिसत नाही तिला सगळ्यांत आधी सांगा, कारण तीही त्याच सायकलवर बसलेली असते.